पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव

शनिवार. बाहेर उणे सव्वीस.
ओउलूत या दिवशी संध्याकाळी सहाला
घराघरातून वाफ निघते.
माझ्या घरातून निघाली
एक सूचना.

सौनाची भट्टी स्वतः काही बोलत नाही,
तिच्यावरचा निळा ठिपका नुसता लुकलुकतो.
बोलतो टॅबलेट:
आमच्या अटी बदलल्या आहेत, वाचून संमती द्या.
एक्केचाळीस पानं.
दगड तापवायला
एक्केचाळीस पानं!

सगळे करतात तेच केलं,
न वाचता तळाशी घसरत गेलो,
'मान्य' दाबलं.
तर म्हणे, तुम्ही मुख्य वापरकर्ते नाही.

मुख्य वापरकर्ती हेल्वी.
ती मे महिन्यात गेली.
ही भट्टी तिनंच घेतली, सवलतीत,
माझ्या खांद्याला लाकडं फोडणं झेपेना म्हणून.
दुकानात दाखवली तेव्हा
एकच बटण होतं तिला.

पासवर्ड विसरलात?
विसरलो नव्हतो. मला तो कधी माहीतच नव्हता,
पण तसा पर्याय दिलेला नाही.
'विसरलो' वर बोट ठेवलं,
म्हातारपणी यंत्राशी खोटं बोललो.

मग प्रश्न आला:
तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

एकावन्न वर्षांचा संसार.
तिच्या बुटाचा नंबर सांगतो,
कुठल्या कुशीवर घोरायची ते सांगतो,
रागावली की आधी कुठलं कपाट आपटायची तेही.
मुस्ती, लिहिलं. आमचा कुत्रा.
चूक.
किर्सू. लग्नाआधीची तिची मांजर.
चूक.
आता एकच संधी शिल्लक,
मग चोवीस तास थांबा.

ग्राहकसेवेला फोन लावला.
तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,
तुम्ही रांगेत सतरावे आहात.
तीच धून, तीच, पुन्हा तीच,
बादलीतलं पाणी तोवर निवून गार.
शेवटी एक पोरगा आला. ओन्नी नाव.
म्हणाला, मुख्य वापरकर्त्यांना फोन देता का?
म्हटलं, ती जमिनीखाली आहे
आणि जमीन सध्या गोठलेली आहे.
बिचारा थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, मृत्यूचा दाखला पीडीएफ करून जोडा,
पाच ते सात कामाचे दिवस लागतील.

केमियार्वीला तिच्या बहिणीला उठवलं.
इर्याला ऐकू कमी येतं.
'प्राणी? कोणाला म्हणतोस प्राणी?'
तीनदा ओरडून सांगितलं, मग हसत सुटली.
'वासरू रे! आई मेलेलं.
हेल्वीच्या पलंगाखाली झोपायचं.
मंत्री म्हणायचो त्याला,
नुसतं खायचं, विचारलेल्याचं उत्तर द्यायचं नाही.'
पुढे काय झालं त्याचं?
'पुढे काय व्हायचं. नाताळ आला.'

मी फोन धरून उभा राहिलो.
दर नाताळला हेल्वी बटाटे आणि बीट वाढून घ्यायची,
मटणाचं भांडं माझ्याकडे सरकवायची.
मी समजत होतो, पोटाचं दुखणं.
एकदा तर डॉक्टरकडेही नेलं होतं तिला,
आली होती मुकाट.

टॅबलेटवर लिहिलं: मंत्री.
बरोबर!
अभिनंदन सुद्धा म्हणाला मेला.
आता मुख्य वापरकर्त्याच्या फोनवर
सहा अंकी कोड पाठवला आहे.

तिचा फोन खणात आहे, चष्म्याच्या शेजारी.
नंबर मी ऑगस्टमध्ये बंद केला,
तो आता दुसऱ्या कोणाचा तरी झाला असेल.
कुठेतरी, कोणाच्या तरी खिशात
सहा आकडे वाजले असतील,
आणि त्या माणसानं ते पुसून टाकले असतील.

टॉवेल गुंडाळला होताच. गेलो तसाच आत,
वरच्या फळीवर बसलो, दिवा न लावता.
फळी बर्फासारखी. निळा ठिपका लुकलुक, लुकलुक.
काय मंत्रीसाहेब, म्हटलं,
बरं चाललंय ना?

उत्तर नाही.
तरी एक पळी पाणी टाकलं दगडांवर.
ते तसंच खाली गळत राहिलं,
टप, टप,
बराच वेळ.