बेशरम

बेटावदच्या पुलाखाली पांझरा कोरडी पडते
तेव्हाही हा हिरवा.
कुणी लावला नाही. पाटाच्या कडेला
कुंपण म्हणून खोचलेली एक काठी, बस्स.
उलटी खोचली तरी हा सुलटा फुटतो.
फुलं फिकट जांभळी, भोंग्यासारखी,
लग्नाच्या मांडवाला शोभतील अशी,
पण कुणी माळत नाही, कुणी देवाला वाहत नाही.

गुरांच्या दवाखान्यात माझी तेवीस वर्षं गेली.
लोक डॉक्टर म्हणायचे. मी ड्रेसर.
बैलाचा खांदा सुजला की
याचीच पानं तव्यावर कोमट करायची,
एरंडेलाचा हात फिरवून बांधायची.
सरकारी मलम मार्चमध्येच संपलेलं असे.
सकाळपर्यंत सूज अर्धी.
कागदावर मी मलमच लिहायचो.

एका उन्हाळ्यात झगाबाई ठेलारी आली
खांद्यावर पाठ घेऊन.
पाठीची मान हलत होती,
कुणी काही विचारलं नसताना
नाही नाही म्हणत असल्यासारखी.
खाली ठेवली तर चारी पाय फाकवून उभी,
गुत्त्यातून बाहेर पडलेल्या माणसागत.
'काय खाल्लं हिनं?'
'आठे दुसरं काय से?'

म्हटलं, बांधून ठेव, कडबा घाल,
लवकर सुटलं तर जगेल.
तिनं बांधली.
पाठीनं कडबा हुंगलासुद्धा नाही.
रात्री दावं चावून तोडलं
आणि तीन पायांवर पडत, एका पायावर उठत
गेली सरळ पाटाकडे.

दुसऱ्यांदा आली तेव्हा झगाबाई लंगडत होती.
लुगडं जरा वर सरलं तर गुडघ्याला
तीच पानं, तव्यावर काळवंडलेली,
वर चिंधीची गाठ.
'माले गुन येस,' म्हणाली,
आणि पाठीकडे बघून
गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत बसली.

नवव्या दिवशी पाठ गेली.
रजिस्टरात मृत्यूचं कारण लिहायचं होतं.
विषबाधा, लिहिलं. कशाची, त्या रकान्यात
पेन जरा अडलं.
मग लिहिलंच, ठळक अक्षरात: बेशरम.

तपासणीला साहेब आले. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले,
'हे कुणाला लिहिलंय?'
मी खिडकीबाहेर पाहिलं.
दवाखान्याच्या कुंपणाला गेल्या वर्षी
आम्हीच खोचलेल्या काठ्या,
एकूण एक फुटल्या होत्या.