दोन शायांची वही

हिरव्या शाईत तिडके बाई, निळ्या शाईत मी.
करार झाला जूनमध्ये, गंगाखेडच्या शाळेच्या पायरीवर,
कारण आत बोलायला बसलं की सुमेध
कपाटाच्या किल्ल्या मोजायचा, मोठ्यानं.

आधीच्या बाई नुसती लाल रेघ मारायच्या.
रेघेला काय उत्तर लिहिणार?
मी म्हणायचे, हो बाई, सांगते त्याला.
आणि घरी येऊन सांगायचे,
पाच बोटं उमटेस्तोवर.

पहिली हिरवी ओळ :
"आज चार मिनिटं बसला. घड्याळ लावून बघितलं."
खाली मी : रात्री झोप नाही. पाल बघत होता.
"तरीच. आज वर्गाला पालीवर शिकवून झालं त्याचं."

नांदेडच्या डॉक्टरांनी चार इंग्रजी अक्षरं लिहून दिली.
सासूबाई म्हणाल्या, आमच्यात याला वांड म्हणत्यात.
बाईंनी कागद दोनदा वाचला आणि बाक बदलला.
खिडकी लांब, फळा जवळ,
शेजारी कमी बोलणारी झीनत.
दर दहा मिनिटांनी एक काम :
खडू आण, डस्टर झटक,
चौथीत ही चिठ्ठी देऊन ये.
चिठ्ठी कोरी असायची.
चौथीच्या बाई ती नीट वाचून
मान डोलवायच्या.

ऑगस्टात झीनतचा कंपास नाल्यात गेला.
त्या दिवशी हिरव्यात :
"आज मी ओरडले. मलाही जमलं नाही."
मी पेन उघडलं, बंद केलं.
नुसती सही केली.

त्याचे पप्पा वहीला हात लावत नसत.
डेपोतून यायचे, शाळेचं नाव निघालं
की तांब्या घेऊन बाहेर.
लग्नाला अकरा वर्षं झाली तरी
मला माहीत नव्हतं ते वहीतच सापडलं,
दिवाळीच्या सुट्टीआधी,
काळ्या बॉलपेननं, ग्रीसच्या अंगठ्यासकट :

"बाई, गाडी खराब नाही, रेस जास्त सेट झालीय.
माझं पण असंच व्हायचं.
सातवीत गुरुजींनी मला खांबाला बांधलं, सुतळीनं.
दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही.
तुम्ही बांधलं नाही.
शनिवारी मला सुट्टी असते. काय करू सांगा."

हिरवं उत्तर एवढंच :
"शाळेचा हातपंप बंद आहे. दोघं या."

बापलेकांनी पंप पार उघडून पसरला.
सुमेधच्या मुठीत वायसर,
पान्ना मागितला की पान्ना,
कुणी हाक मारली तरी मान वर नाही.
बाई ओट्यावर उभ्या होत्या.
मनगटाकडं त्यांनी बघितलं नाही, मी बघितलं.
पन्नास मिनिटं.

सोमवारी पुन्हा सहा.
मंगळवारी दप्तरच विसरला.

आता वही हरवलीय, तिसऱ्यांदा.
तो म्हणतो पंपापाशी होती, मग म्हणतो बसमध्ये.
बाईंना फोन केला.
म्हणाल्या, आता दोनशे पानी घ्या,
आणि तुमच्या साहेबांना विचारा,
त्यांना कोणतं पेन आणू.