सात वर्षांचा रकाना

खासगीवाले, तुमचा कागद वाचला.
लिलाववाल्यांना गाडीची वंशावळ हवी आहे,
कुठेही न तुटलेली,
आणि एकसष्ट ते अडुसष्टचा रकाना मोकळा राहतोय
म्हणून तुम्ही रास्ता पेठेत जिना चढून आलात,
पेढे घेऊन.

वरचं सगळं तुमच्याकडे आहेच.
दक्षिणेतल्या कुणा राजेसाहेबांनी ती मागवली
तेव्हा संस्थान होतं,
बोटीतून उतरली तेव्हा नव्हतं.
क्रेनला लटकलेली असताना कधीतरी
तिचा मालक नुसता माणूस झाला.
दारावर राजचिन्ह काढायला बसलेला पेंटर
अर्धा सिंह काढून उठला म्हणतात.
तो रंगाच्या चौथ्या थराखाली अजून असेल.
पॉलिशवाल्याला सांगा, डाव्या दाराला हात हलका ठेव.

मग कॅम्पातले फ्रामरोज, सोडावॉटरचा कारखाना.
मागच्या सीटवर बाटल्यांचे क्रेट आपण कधीच ठेवले नाहीत
असं ते न विचारता सांगत,
म्हणजे ठेवले असणार.
उन्हाळ्यात महाबळेश्वर. खंबाटकीत बॉनेट उघडून
इंजिनाला वारा, माणसांना चहा.
अशा अकराच बनल्या, असं तुमचं माहितीपत्रक म्हणतं.
दादा म्हणायचे,
असतील अकरा. मला एकच माहीत आहे.

सत्तावन्नला तुमचे आजोबा.
डॉक्टर. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला गॅरेज.
आणि मग तो जुलै.

मी सहा वर्षांची, पर्वतीच्या पायऱ्यांवर,
मला त्या दिवसाचं फक्त ओलं घोंगडं आठवतं.
पाणी उतरल्यावर गाडी सापडली ती बोळात आडवी,
टपावर कुणाच्या तरी देवघराचं दार.
भंगारवाला तीनशे म्हणाला.
दादांनी सव्वातीनशे दिले,
आईची एक पाटली मोडून.
पावती घेतली नाही.
डॉक्टरांकडे पावती कोण मागतं?

सात वर्षं.
दिवसा लोकांच्या लँब्रेटा, रात्री ती.
गिअरबॉक्समधून दीड घमेलं गाळ निघाला,
आई म्हणाली, तुळस लावू त्यात.
चौथा पिस्टन मिळेना. पत्रं गेली, उत्तरं आली,
कंपनीच उरली नाही असं शेवटचं उत्तर.
तेव्हा भवानी पेठेतल्या सुलेमानने तो ओतला,
लेथवर तीनदा उतरवला,
दोनदा शिव्या देऊन, एकदा गप्प राहून.

अडुसष्टला तुमचे वडील आले.
आरसी बुकात अजून डॉक्टरांचंच नाव.
गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले,
तिकोने, मजुरी किती झाली तुमची?
दादांनी आकडा सांगितला.
तो मजुरीचाच होता.
एवढंच. भांडण नाही, काही नाही.
जेवायला बसले तेव्हा
हाताला ग्रीस नव्हतं तरी रॉकेलने धुतले होते.

तुम्ही म्हणता, रकान्यात लिहू या, 'गाडी साठवणीत'.
साठवणीत लोणचं असतं, साहेब.

मागच्या डाव्या दाराचं आतलं अस्तर काढा.
पत्र्यावर पुराची रेघ आहे, दादांनी मुद्दाम ठेवलेली.
रेघेखाली पेन्सिलीने तारखा.
क्लच. वायरिंग. पुन्हा वायरिंग.
सगळ्यात खाली, जरा तिरकं:
सुरू झाली. पहाटे सव्वाचार. कुमुद जागी होती.

त्याचा फोटो काढा, नाहीतर काढू नका.
लिलाववाले विचारतील, हा तुळशीराम तिकोने कोण,
मालक की मेकॅनिक?
त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही,
दादांनाही सुचलं नव्हतं.

पैसे नकोत. पेढ्यांचा डबा धुऊन ठेवलाय,
तो न्यायला या, येताना तिला घेऊन या.
गल्लीत वळणार नाही ती, ठाऊक आहे.
तोंडाशीच थांबवा, इंजिन बंद करू नका.
मी खिडकीतून ऐकेन.
पाच सिलिंडर तिकडचं बोलतात.
चौथा किंचित उशिरा,
भवानी पेठेतलं.