शेपटीच्या आत

शेवरोले बाहेर बर्फात उभी असायची.
गॅरेजात, तिच्या जागी, ओरेस्ट हावरिलुकचं विमान,
खोक्यांतून येणारं,
शाळेची बस चालवून पैसे साठतील तसं,
एका वर्षी शेपटी, दोन वर्षांनी डावा पंख.

मी शेजारची. नऊ वर्षांची, काडीसारखी.
त्यांना नेमकं तेवढंच माणूस हवं होतं.
शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते,
जिथं त्यांचे खांदे अडायचे
तिथून पुढे मी सरपटत जायचे,
कपाळावर दिवा, मुठीत पोलादाचा ठोकळा,
साबणाच्या वडीएवढा, पण वजनाला वीट.

"तयार?"
"तयार."
मग बाहेरून बंदूक, तर्रर्र.
पत्र्याच्या पोटात बसून तो आवाज ऐकला नसेल
तर सांगून कळायचा नाही.
दात हलायचे. पोटातलं दूध हलायचं.
रिव्हेटचं शेपूट ठोकळ्यावर चेपून
शर्टाच्या बटणासारखं बसायचं.
मी बोट फिरवायचे, मापाची पट्टी लावायचे
आणि ओरडायचे, "ठीक."
नाही तर "नाही", मग तो काढून नवा.
आमचं सगळं बोलणं या तीन शब्दांत.

सस्कॅचवानचा जानेवारी. हीटर फक्त घोट्यांना कळायचा.
वर डोरीन कांदा परतायची, पेरोगी उकळायची,
जिन्यातून विचारायची, "अजून किती?"
ओरेस्ट बंदुकीत हवा भरत म्हणायचे, "काय म्हणालीस?"
त्यांना ऐकू गेलेलं असायचं.

तिसऱ्या हिवाळ्यात, एका मंगळवारी,
डावी बाजू, टोकाकडून सातवा.
हात भरून आला होता. ठोकळा घसरला.
रिव्हेट वाकडा झाला, कुत्र्याचा कान पडावा तसा.
बाहेरून, "ठीक?"
मला लघवीला लागली होती.
आणि कांद्याचा वास येत होता.
मी म्हणाले, "ठीक."

तेराव्या वर्षी माझं कंबरडं चौकटीत अडकलं.
त्यांनी पाय धरून बाहेर ओढलं, दोघं खूप हसलो,
मग हसणं आपोआप थांबलं.
माझ्या जागी आरसा आला, काठीला बांधलेला.
मी रेजायनाला शिकायला गेले.
सातवा माझ्याबरोबर आला.
हॉस्टेलच्या कॉटवर, रात्री,
तो कुठल्याशा उंचीवर सुटायचा.

मग फोन. "शनिवारी उडवतोय. वारा बरा आहे."

फ्रीझनांच्या शेतातली गवताची धावपट्टी.
पहिल्या खेपेला आत दुसरं कुणी बसत नाही.
ते तेल तपासत होते. मी सगळं सांगून टाकलं.
त्यांनी वर पाहिलं नाही. "ये इकडे," म्हणाले,
माझं बोट धरून पत्र्यावरून फिरवलं:
गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत,
सातव्याच्या डोक्यात मधोमध खळगा.
"हा एका बाजूनं बसतो. आत माणूस लागत नाही."
"कधी?"
"त्याच रात्री. तू घरी गेल्यावर.
बरा बसला की ठण्ण वाजतं गं. तो थप्प वाजला होता."
आठ वर्षं तो खळगा बाहेरच्या अंगाला होता,
मी शेजारून सायकल टेकवून जायचे.

"मग बोलला का नाहीत?"
त्यांनी तेलाची पट्टी पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा पुसली.
"दुसऱ्या दिवशी तू चाळीस ठोकलेस
आणि अकरा वेळा 'नाही' म्हणालीस.
माझी पाठ गेली त्या दिवशी."

मग ते आत बसले. पट्टा ओढला.
गवत आडवं झालं, चाकांखालून उजेड दिसला,
आणि फ्रीझनांची गुरं एकाच वेळी दुसरीकडे पळाली.

डोरीन शेवरोलेतून उतरलीच नाही.
मांडीवर थर्मास, डोळे गच्च मिटलेले.
"ठीक आहे ना?" काच खाली करून तिनं विचारलं.

मी लगेच काही बोलले नाही.
आधी आवाज ऐकला.