तिसऱ्या वर्षीचा मार्च

त्सिउरीचा झेंडू काय, कुणीही वाढवावा.
गेल्या शरदातलं एक वाळकं बोंड चुरगाळायचं,
जळक्या काड्यांसारखं बी मातीवर भुरभुरायचं,
वरून पंजा फिरवायचा, झालं.
ऊन तेवढं हवं. पाण्याला उशीर झाला तरी रुसत नाही.
शेंडा खुडला तर दोन फुटतात,
कोंबड्यांनी उकरला तर उरलेला उगवतो.

माझ्या तार्खुन्याचं तसं नाही.
त्याला बीच धरत नाही.
जमीन उताराची लागते, खडेवाळूची;
पाणी यावं आणि निघून जावं, शहाण्या पाहुण्यासारखं.
मुक्कामाला राहिलं की मूळ कुजलं.
आणि हिवाळा कडक हवा. बर्फाखाली
मेल्यासारखा झोपला नाही, तर वसंतात उठत नाही.

आमच्या मधे कुंपण, तुतीच्या फोकांचं.
बोंडोनं विणलेलं, माझ्या नवऱ्यानं,
भोकं ठेवून ठेवून, कोंबडीचं पिल्लू जाईल एवढी.

झेंडूच्या पाकळ्या ती पोटमाळ्यावर वाळवते, सावलीत,
मग दगडी खलात लसूण, धणे, मिरचीबरोबर कुटते.
इमेरेतीत आम्ही त्यालाच केशर म्हणतो.
खरं केशर या गावात कुणी पाहिलंय?
अक्रोडाच्या रश्शात चिमूटभर पडलं की
कालच्या कोंबडीलाही लग्नघरचा रंग चढतो.
बरणीत वर्षभर टिकतं. हे मी मान्य करते.

तार्खुना वाळवला की नुसतं गवत.
तो ओलाच खायचा, ईस्टरच्या आठवड्यात,
कोवळ्या कोकराबरोबर, हिरव्या आंबट आलुबुखारांबरोबर,
पातेल्यात मूठमूठ, मोजायचा नाही.
जिभेवर आधी बडीशेप, मागाहून किंचित बधिरपणा,
काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखा.
उरलेला साखरपाण्यात, नातवंडांच्या हिरव्या सरबताला.

दर तिसऱ्या वर्षी, मार्चात, त्याला उपटून फोडावा लागतो.
मुळांचा गुंता बोटांनी सोडवायचा,
एक तुकडा ठेवायचा, बाकीचे वाटून टाकायचे.
नाही वाटले तर गड्डा मधून पोकळ होत जातो.
आईनं सांगितलं होतं. माहीत होतं मला.

त्सिउरी कुंपणावर हात ठेवून म्हणाली, एक तुकडा दे.
मी म्हणाले, यंदा फोडत नाही.
पुढच्या मार्चला तेच. त्याच्या पुढच्याला तेच.
मग तिच्या पाटाचं पाणी माझ्या वाफ्याकडे पाझरायला लागलं.
मुद्दाम, असं मी म्हणते. उतारच तसा, असं ती.
तेव्हापासून आम्ही बोलायचो ते आपापल्या कोंबड्यांशी,
पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

बोंडो गेला त्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही.
नुसता पाऊस, नदी क्विरिला दाराशी आल्यासारखी.
एप्रिलात माझ्या वाफ्याच्या कडेला चार केविलवाणे कोंब,
मधे चिखल.
चारही गोगलगायींनी नेले.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी कुंपणावरून एक गाठोडं आलं,
ओल्या फडक्यात. आत हिरवा झुबका, मुळांसकट.
"कुठून?"
"तुझ्याच नवऱ्यानं दिलेला. रात्रीचा, त्या भोकातून.
म्हणाला, ती फोडायची नाही, आणि मग रडत बसेल."

या खेपेला ती कोंबड्यांशी बोलत नव्हती.

सगळ्या जगाला पाणी पाजणाऱ्या त्या बाईनं
तो वळचणीखाली लावला होता, सुक्यात, फुटक्या विटांत.
बरोबर जागा. कुणी शिकवली असेल ते विचारलं नाही.
मी खाली बसले, मुळांतली माती झटकली,
त्याचे तिथल्या तिथे तीन भाग केले.
एक तिला परत. एक शाळेच्या शिपाईणीला, नाझिब्रोलाला,
तिनं मागितला नव्हता तरी.

अजूनही मी म्हणते, झेंडू काय, कुणीही वाढवावा.
तिनं दिलेलं बी मी मे महिन्यात पेरलं होतं.
एकही उगवलं नाही. खोल पडलं असावं.

तिला सांगितलेलं नाही.