सांधे

रेडिओवरून विचारणा झाली:
आजवरचा सगळ्यांत थोर बँड कुठला?
शुक्रवारपर्यंत नावं कळवा.

झालं. तेव्हापासून कांकानच्या बाजारात
कुणी कुणाशी सरळ बोलत नाही.
लान्सिने शिंपी यंत्राचं चाक तळव्यानं थोपवून सांगतो,
'मिलोचे तारे. दुसरं नाव काढलंत
तर पायजम्याचा एक पाय आखूड शिवीन.'
मोरिबा खाटकाचा बँड वेगळा, सव्वीस माणसांचा,
त्यांतले नऊ नुसते ट्रम्पेटवाले;
तो आकडा सांगतो आणि हाडावर सुरी आपटतो.
काबा मास्तर म्हणतात, स्वातंत्र्याच्या वर्षी
स्टेशनाच्या फलाटावर जे वाजलं
ते ज्यानं ऐकलं नाही त्यानं मत देऊ नये.
म्हणजे मतदार उरले मास्तर एकटे.

या सगळ्याच्या मधोमध आमचं दुकान,
आंब्याच्या सावलीएवढं. सावली सरकली की आम्हीही.
बांगालीकाका कॅसेटी दुरुस्त करतात,
मी, नान्तेनिन, त्यांच्या हाताखाली.
तुटलेली फीत चिमटीत धरायची,
विस्कटलेली टोकं ब्लेडनं तिरकी छाटायची,
नखाएवढी चिकटपट्टी, वरून चमच्याची पाठ.
छाटलेले तुकडे काका टाकत नाहीत,
टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात ठेवतात.
का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

रेडिओचा सेकुबा वही घेऊन आला
तेव्हा भांडण खुर्च्या उचलण्यापर्यंत गेलं होतं.
'काका, तुम्ही बोला. तुमच्या हाताखालून तर सगळेच गेलेत.'
काकांनी चष्मा कपाळावर सारला.
'मला गाण्यातलं काय कळतं,' म्हणाले,
'मी तुटलेलं बघतो.
तारे माझ्याकडे येतात ते धूळ बसली म्हणून.
नऊ ट्रम्पेटं येतात उन्हात राहिली म्हणून.
आणि ही...'

मीठ विकणाऱ्या ज्येनाबाची राखाडी कॅसेट.
लेबल बोटांनीच पुसून गेलेलं.

'दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
गिटारवाला सूर चुकतो, कुठंसा कोंबडा आरवतो,
आणि गाणारा हसू दाबत पुढची ओळ घेतो.
हिच्या नकला गावभर आहेत.
सगळ्या एकाच जागी तुटतात.
लोक तेवढंच मागे घेतात. पुन्हा मागे. पुन्हा.
फीत किती सोसणार?
मोज. सतरा सांधे.'

सेकुबानं पेन उघडलं. 'नाव?'

कुणाला माहीत नव्हतं.
मास्तरांनाही. ते आंब्याकडे बघत राहिले.
कुणी म्हणालं, एका हंगामापुरते होते,
बासवाला जकात नाक्यावर कारकून होता.
कुणी म्हणालं, छे, ते सिगिरीकडचे.
मग मोरिबा, एवढा दांडगा माणूस, कोंबड्यासारखा आरवला,
अगदी नेमक्या वेळेला,
आणि लान्सिनेनं ते दाबलेलं हसू
जसंच्या तसं काढून दाखवलं.

रकान्यात कोंबडा लिहिता येत नाही.
सेकुबानं एक रेघ मारली, पुढच्या दुकानात गेला.

शुक्रवारी जिंकले ते तिसरेच कुणी,
ज्यांच्या ढोलवाल्याची मेहुणी बातम्या वाचते.
खोटं कशाला बोलू, मीही मत दिलं होतं
मिलोच्या ताऱ्यांना.
त्यांचा गाणारा पांढरे बूट घालतो.

आज ज्येनाबा पुन्हा आली,
मिठाचे हात कमरेच्या कापडाला पुसत.
अठरावा सांधा मी केला, काकांनी नुसतं पाहिलं.
दर वेळी पेरभर फीत जाते,
एव्हाना आठ-नऊ सेकंद डब्यात पडले आहेत.
आधी चुकलेला सूर गेला,
मग कोंबड्याची मान.
आता आरवणं सुरू होतं तेच मधून,
आणि माणूस हसतोय कशाला
हे नव्यानं ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

ज्येनाबाला कळतं.
ती उभ्या उभ्या ऐकते,
सुटे पैसे दोनदा मोजून देते,
म्हणते, 'जरा मागे घे.'