ऊन कुठून येतं?

हडपसरच्या नर्सरीत तुपे म्हणाले,
वेल सांगतो, पण आधी
ऊन कुठून येतं तुमच्याकडे?

एकोणीस वर्षं राहतेय धायरीतल्या त्या घरात.
दूध कोण टाकतं, टँकर किती वाजता वळतो,
सगळं पाठ.
उन्हाचं नाही सांगता आलं.

रविवारी खडू घेऊन गच्चीवर बसले.
शकीलने वेल्ड करून दिलेला मांडव, उघडा,
रेड ऑक्साइडचा वास अजून न गेलेला.
त्याच्या सावलीच्या पट्ट्या
फरशीवर आखत गेले.
सव्वानऊ. दहा. साडेअकरा, मध्येच कुकर.
दोन वाजता समोरच्या अकरा मजल्यांनी
सगळ्या एकदम पुसून टाकल्या.

विश्राम म्हणतो, मधुमालती लाव,
तिला काहीही चालतं.
काहीही चालणाऱ्यांची मला हल्ली धास्ती वाटते.
त्या हळूच शेजारच्या पत्र्याखाली शिरतात,
मग कात्री घेऊन मागे मागे आपण.
लसणवेल फुलते छान,
पण पान चुरगळलं की फोडणी.
संक्रांतवेल जानेवारीत पेटते,
उरलेलं वर्ष तिच्याशी बोलायचं काय?
जाई हवी होती खरं तर.
तिला पाच तास लागतात म्हणे.

तुप्यांना फोन केला:
पूर्वेकडून येतं. पावणेपाच तास.
पलीकडे पाइपचं पाणी वाहत होतं.
मग म्हणाले,
जाईला सांगून बघू.

कुंडी आणलीय, माती चाळून ठेवलीय.
खडूच्या रेघा अजून आहेत फरशीवर.
महिन्याभरात चुकतील सगळ्या,
तरी त्यांच्यावर पाय देववत नाही.